नावानिशी प्रार्थना

आर्लीन व्होथ अठरा वर्षं परदेशात इंग्रजी शिकवत होती. कुठल्या देशात, ते विचारू नका. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे, पण मोठ्याने कुणी बोलत नाही. पुढे एका मुलीचं नाव येईल, तेही खरं नाही. तेवढी अक्कल आता आम्हाला आली आहे, येऊन उपयोग काय म्हणा!

आमचं फ्रीडेनटाल म्हणजे कॅन्ससच्या गव्हाच्या शेतांत रुतून बसलेलं चारशे माणसांचं गाव. आर्लीन नऊ वर्षांची असताना तिची आई गेली आणि आईच्या धाकट्या बहिणीने, व्हर्ना उन्रूने, तिला आपल्या घरी आणलं. व्हर्ना मावशीने लग्न केलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजून तिने पोट भरलं आणि चाळीस वर्षं चर्चचं रविवारचं पत्रक टाइप केलं. पत्रकाच्या मागच्या पानावर प्रार्थनेची यादी असे. ती यादी म्हणजे मावशीचं राज्य.

आमच्याकडे मोघम प्रार्थना चालत नाही. 'सगळ्या आजाऱ्यांना बरं कर' असं कुणी म्हणालं, की व्हर्ना मावशी डोळे मिटल्या मिटल्या खाकरायची. कोण आजारी, कुठलं हाड मोडलं, कुठल्या दवाखान्यात आहे, हे आधी सांगा, मग देवाजवळ तोंड उघडा. मिशनच्या रविवारी प्रत्येक घराला एक चिठ्ठी मिळे, तिच्यावर परदेशातल्या एका माणसाचं नाव. चिठ्ठी फ्रिजवर चिकटवायची आणि वर्षभर तिन्ही जेवणांना ते नाव घ्यायचं. फ्रिज बदलला तरी चिठ्ठ्या नव्या फ्रिजवर जात.

आर्लीन बत्तिसाव्या वर्षी परदेशी गेली. शिक्षक तयार करणाऱ्या एका कॉलेजात तिने खडू हातात घेतला. इंग्रजी हा तिथे राहायचा परवाना होता, खरं काम दुसरं, असं मिशनचे लोक सांगत. पण आर्लीनला शिकवण्याचं वेडच लागलं. गारठलेल्या वर्गात चाळीस मुली कोट घालून बसायच्या आणि ती त्यांच्याकडून बाजारातली घासाघीस इंग्रजीत करून घ्यायची. एक मुलगी बटाटेवाली व्हायची, बाकीच्या गिऱ्हाइकं, आणि असा कल्ला व्हायचा की शेजारच्या वर्गातले मास्तर भिंत ठोकायचे.

नारगुल त्याच वर्गातली. हुशार, आगाऊ, हसली की थांबेना. एकदा वर्ग सुटल्यावर तिने सरळ विचारलं, "बाई, तुम्ही आम्हाला इंग्रजी द्यायला आलात की देव द्यायला? खरं सांगा हं."

"दोन्ही," आर्लीन म्हणाली.

"मग आधी इंग्रजी पुरं करा. देवाचं नंतर बघू."

ते नंतर यायला सहा वर्षं लागली. तोवर नारगुल स्वतः शाळेत मास्तरीण झाली होती. ती ख्रिस्ती विश्वासात आली आणि तिच्या घरी पाच जणी गुपचूप बायबल वाचायला जमू लागल्या. अठरा वर्षांच्या नांगरटीत आर्लीनच्या पदरात पडलेलं पीक म्हणाल तर हेच. दुसरे मिशनरी सुट्टीवर आले की शेकड्यांनी आकडे सांगत, फोटो दाखवत, आणि आर्लीन खाली मान घालून कॉफी ढवळत बसे. पत्रात ती नारगुलचा उल्लेख फक्त 'एन' असा करी. नाव लिहायचं नाही, असा सक्त नियमच होता, कारण तिथे अशा गोष्टींवर सरकारचा डोळा असे.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली. मावशी-भाची स्वयंपाकघरात चीजचं सारण भरून व्हेरेनिके, म्हणजे उकडायच्या करंज्या, वळत बसल्या होत्या.

मावशी म्हणाली, "तीन वर्षं झाली, मी एका अक्षरासाठी प्रार्थना करतेय. अक्षराला ताप येतो का गं? अक्षराला आई असते का? देव म्हणत असेल, या म्हातारीला लागलंय खूळ."

"देवाला माहीत आहे ती कोण आहे ते."

"देवाला सगळंच माहीत आहे, मग आपण गुडघे कशाला झिजवतोय? मला नाव सांग. तुला वाढवलंय मी, परकी नाही."

आर्लीनने सांगितलं. नाव, शाळा, गाव, सगळं. वर पाकिटातून फोटोही काढून दिला. "फक्त तुझ्यापुरतं हं, मावशी," असं तिने दोनदा बजावलं. पण सांगताना तिचा ऊर भरून आला होता, हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं. कुणाला तरी दिसावं, आपल्या हातून एक माणूस घडलं, असं तिला वाटत होतं. एवढ्याच मोहाला ती बळी पडली.

मावशीने नाव तीन महिने पोटात ठेवलं. मग मिशनचा रविवार आला आणि तिला राहवेना. एकट्या म्हातारीने प्रार्थना करावी आणि अख्ख्या मंडळीने करू नये, हे तिच्या मनाला पटेना. तिने पत्रकात फोटोसकट छापलं: "आपली बहीण नारगुल, अमुक गावच्या शाळेत शिक्षिका, हिच्या घरी पाच जणी वचन वाचतात. तिला धैर्य मिळावं म्हणून नावानिशी प्रार्थना करा." आर्लीन तेव्हा परत गेली होती, तिला पत्ताही नव्हता. आणि चर्चच्या ऑफिसने दर सोमवारच्या रिवाजाप्रमाणे ते पत्रक इंटरनेटवर चढवून टाकलं.

सात महिन्यांनी आर्लीनला एका सरकारी कचेरीत बोलावलं. टेबलापलीकडच्या माणसाने एक कागद तिच्यापुढे सरकवला. वर आमच्या चर्चचं गव्हाच्या पेंढीचं चित्र. तिला आधी वाटलं, घरून काहीतरी आलं. मग तिने फोटो पाहिला, नारगुलचा.

"यातलं काही खोटं आहे का?" त्या माणसाने विचारलं. इंग्रजी त्याचं छान होतं. बहुतेक तिच्याच कॉलेजात शिकलेला असावा.

तिला देश सोडायला दोन दिवस दिले. नारगुलला आदल्याच दिवशी शाळेतून, चालू वर्गातून उचललं होतं. आर्लीन तिच्या घरी धावली. नारगुलच्या आईने दार अर्धंच उघडलं. वर्षानुवर्षं याच दारात तिने आर्लीनला बळेबळे जेवू घातलं होतं.

"तिला विसरा," आई म्हणाली. "तेवढे उपकार करा आमच्यावर." आणि दार लावलं.

पुढे नारगुलचं काय झालं, ते कुणालाच कळलं नाही. तुरुंगात आहे, सुटली, दूर कुठे लग्न करून दिलं, गेली. चार माणसांनी चार गोष्टी सांगितल्या. पाच जणींपैकी एकीनेही पुन्हा कधी उत्तर दिलं नाही.

आर्लीन विमानतळावर उतरली तेव्हा व्हर्ना मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन पंधराच दिवस झाले होते. तरी काठी टेकत आलेली. मिठी मारायच्या आधीच तिने विचारलं, "माझी नारगुल कशी आहे?"

"बरी आहे," आर्लीन म्हणाली.

आठवड्याभराने सांगू, असं तिने ठरवलं होतं. मग म्हणाली, टाके सुकू देत. मग नाताळ होऊ दे. गावाला तिने व्हिसाची भानगड सांगितली आणि ऑफिसला सांगून ते पान गुपचूप काढून घेतलं. मावशीवर तिने मनातही राग धरला नाही. नाव आधी फुटलं ते माझ्याच तोंडून, असं ती म्हणे. पण इंग्रजी तिने पुन्हा शिकवलं नाही. मांसाच्या कारखान्यात परदेशातून कामाला आलेल्या बायकांसाठी वर्ग घ्या, म्हणून पाळकांनी किती मिनतवाऱ्या केल्या! ती वृद्धाश्रमात चादरी धूत राहिली. आणि घरी तिन्ही त्रिकाळ मावशी तिचा हात हातात घेऊन म्हणायची, "प्रभू, आमच्या नारगुलला धैर्य दे." अशी बारा वर्षं गेली. आर्लीन कशी जगली असेल, देव जाणे.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आमच्याच मंडळीतलं एक जोडपं, ट्रॅव्हिस आणि ब्रेआ यान्झेन, आर्लीनच्या त्या देशाच्या शेजारच्याच देशात इंग्रजी शिकवायला निघालं. रविवारी दुपारी मावशीने त्यांना फास्पाच्या फराळाला बोलावलं. कॉफी, गोड पाव, जॅम. मावशी अठ्ठ्याऐंशीची. टायपिंग सुटलं होतं, पण यादी अजून तीच फोनवरून सांगायची.

ब्रेआ म्हणाली, "मावशी, ते तिथल्या मुलीचं नाव मी तुम्हाला यादीसाठी दिलं ना, आम्ही जिच्याशी फोनवर बोलतो ती. ट्रेनिंगमध्ये म्हणाले होते, नावं छापू नका. मला जरा धाकधूकच वाटतेय."

"ट्रेनिंगवाल्यांचं काय ऐकतेस!" मावशी म्हणाली. "आर्लीनने नारगुलचं नाव मला शपथ घालून सांगितलं होतं. मी छापलं! फोटोसकट छापलं. हिला आजवर बोलले नाही, आता कबूल करते. काय आभाळ कोसळलं? पोरगी सुखरूप आहे. विचारा हिला."

तिघंही आर्लीनकडे बघू लागले. मावशीच्या तोंडावर चोरी पकडली गेलेल्या लहान मुलीसारखं हसू होतं.

"मावशी, हे नाव घालू नकोस," आर्लीन म्हणाली.

"का म्हणून?"

"नियम आहे."

"नियम तेव्हाही होता. उद्या सकाळी मी फोन करणार."

मावशीने एकदा 'करणार' म्हटलं की देवही तिला अडवू शकत नसे. आर्लीनने कप खाली ठेवला. यान्झेन मंडळींना बाहेर गाडीपाशी सांगून भागलं असतं तर तिने तसंच केलं असतं. पण फोन मावशी करणार होती, आणि पलीकडे एक पोरगी होती जिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आर्लीनने सगळं सांगितलं. कचेरी, कागद, गव्हाची पेंढी, अर्धं उघडलेलं दार. आवाज चढवला नाही, रडली नाही.

ब्रेआ रडू लागली. ट्रॅव्हिस खुर्चीतून उठला आणि काय करावं न कळून परत बसला. मावशीने पावाचा तुकडा बशीत ठेवला.

"छापल्यावर किती दिवसांनी नेलं तिला?" तिने विचारलं.

"सात महिन्यांनी."

"म्हणजे तू विमानतळावर आलीस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी नाव घ्यायची, तेव्हा तू माझा हात धरून बसायचीस. आमेन म्हणायचीस."

"तुला धक्का बसला असता, मावशी. तुझं हृदय—"

"माझ्या हृदयाचं मी बघितलं असतं!" मावशी ओरडली. तिला ओरडताना आर्लीनने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी रोज म्हणत होते, तिला धैर्य दे. मला म्हणायचं होतं, मला क्षमा कर. बारा वर्षं मी चुकीची प्रार्थना केली, आर्लीन, आणि तू मला करू दिलीस. रडायचं होतं मला तिच्यासाठी. तेही तू ठेवून घेतलंस."

मावशीला सगळ्या बाजूंनी जपलं असं आर्लीनला वाटत होतं, आणि नेमकं हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

यान्झेन जोडपं नाव न छापता गेलं. त्यांची ती मुलगी ठीक आहे म्हणतात, आम्ही विचारत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना मावशी म्हणाली, "तूच म्हण." तेव्हापासून प्रार्थना आर्लीनच म्हणू लागली. मावशी तिच्या हातचं जेवायची, औषधं घ्यायची, हवापाण्याचं बोलायची, पाठ चोळून दे म्हणायची. भांडण असं काही नव्हतंच. एकदा आर्लीनने धीर करून म्हटलं, "प्रभू, नारगुल जिथे असेल तिथे..." तर मावशीने आपला हात काढून घेतला. पुन्हा आर्लीनने ते नाव काढलं नाही. अन्नासाठी आभार मानायचे आणि थांबायचं.

मावशी मार्चमध्ये गेली. तोवर पाच महिने, दिवसातून तीनदा, आर्लीन प्रार्थना संपवून डोळे मिटून थोडा वेळ तशीच बसायची. समोरून चमच्याचा आवाज यायचा. मावशीने तिच्या प्रार्थनेला आमेन म्हटलं नाही ते नाहीच.