कचऱ्याच्या डब्यातला तुरा

लॉन्ड्रीत तिला सगळे मिरची म्हणत. हॉटेलच्या चादरी इस्त्रीच्या रोलरमधून निघताना कुणी घडी तिरकी घातली की तिची जीभ सुटायची. मॅनेजरसुद्धा तिच्याशी सांभाळून बोलायचा. घरी मात्र थोरल्या भावापुढे हीच मिरची पार मिळमिळीत व्हायची. आईवडील लवकर गेले, दादानं वाढवलं, त्यामुळे दादा म्हणेल ती पूर्व दिशा. तिला नर्स व्हायचं होतं. दादा म्हणाला, झेपणार नाही. एक इलेक्ट्रिशियन मनात भरला होता. दादानं त्याला दारातूनच वाटेला लावलं. हौसेनं पाळलेलं कुत्रं ती कामावर असताना कुणाला तरी देऊन टाकलं. दर वेळी म्हणायचा, "तुझ्याच भल्यासाठी गं." आणि दर वेळी ती आवंढा गिळायची.

निवृत्त झाल्यावर दादाचं मुलाशी पटेना, तेव्हा तो तिच्या दोन खोल्यांत येऊन राहिला.

तिथं न्हाणीघराच्या खिडकीत तिचं ऑर्किड टांगलेलं होतं. रस्ता रुंद करताना तोडलेल्या एका झाडाच्या फांदीवर ते चिकटलेलं तिला दिसलं आणि तिनं फांदीच्या तुकड्यासकट उचलून आणलं. या झाडाला माती लागत नाही. जाडजूड मुळ्या हवेत लोंबत्या ठेवायच्या, अंघोळीची वाफ मिळू द्यायची, सकाळी झाड बादलीत बुडवून काढायचं आणि मुळ्या दुपारपर्यंत कोरड्या होऊ द्यायच्या. पाणी लागलं की राखाडी मुळ्या हिरव्यागार होत. ते बघितल्याशिवाय ती कामावर निघत नसे. इतकी वर्षं फूल म्हणून आलं नव्हतं. यंदा पानांच्या बेचक्यातून पहिल्यांदाच तुरा डोकावला, त्यावर मोहरीएवढ्या कळ्या धरल्या. लॉन्ड्रीतल्या बायकांना तिनं इतक्यांदा सांगितलं की त्या चिडवायला लागल्या, "बारसं कधी?"

"हे बांडगूळ कशाला टांगलंयस?" दादा अंघोळीहून आला की विचारायचा. "मुळ्या तोंडावर येतात."

"बांडगूळ नाही ते. राहू दे."

एका संध्याकाळी ती घरी आली, तर खिडकी रिकामी. दादा खुशीत होता. "गॅलरीत बघ. किती नीटनेटकं केलंय!"

कठड्यावर, रणरणत्या उन्हात दिवसभर तापलेली कुंडी होती. काळी माती गच्च दाबलेली, वर काठोकाठ पाणी. मधोमध तिचं झाड, मुळ्या छाटून गळ्यापर्यंत पुरलेलं. तिनं कचऱ्याचा डबा उघडला. मुळ्यांच्या तुकड्यांत, चहाच्या चोथ्याखाली, तुरा पडला होता.

"हे काय कापलंस?"

"तीपण एक मुळी होती ना? वाकडी वर चालली होती."

"कळ्या होत्या तिच्यावर."

"अगं, येईल दुसरी. एवढ्याशा काडीसाठी काय तोंड पाडतेस?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांचे आवंढे एकदम वर आले.

"विचारलंस मला? एकदा तरी विचारलंस? नर्सिंग कापलंस. माझं माणूस कापलंस. कुत्रं देऊन टाकलंस, आणि मी घरी येऊन त्याची रिकामी ताटली धुतली! आता माझ्याच घरात माझंच झाड कापतोस?"

"कुठलं कुठं नेतेस! मी तुला वाढवलं—"

"वाढवलंस, कबूल. म्हणून जन्मभर छाटत बसणार? मुलाला फोन कर. उद्या येऊन घेऊन जाऊ दे."

"एका बांडगुळासाठी भावाला हाकलतेस?"

"बांडगूळ दुसऱ्याचा रस पितं, दादा. हे नुसतं टेकून होतं. याच्याइतकं निमूट टेकायला तुला कधी जमलं नाही."

दुसऱ्या दिवशी दादाचा मुलगा आला. बॅग उचलताना म्हणाला, "आत्या, राग गेला की फोन कर." ती म्हणाली, "वाट बघू नकोस."

झाड तिनं आदल्या रात्रीच मातीतून काढून धुतलं होतं. मुळ्यांच्या जखमांवर दालचिनीची पूड लावून, ओल्या शेवाळात टेकवून पारदर्शक पिशवीत सावलीला ठेवलं होतं. तरी पानं सुरकुतली. एकेक पान पिवळं पडून गळे, तसतशी ती दादाच्या नावानं बोटं मोडी. लॉन्ड्रीत तर इतकी तडकायची की बायका तिच्या रोलरकडे फिरकेनात.

शेवटी दोनच पानं राहिली, तेव्हा बुंध्याशी एक हिरवं टोक फुटलं. नवी मुळी. तिनं झाड पुन्हा लाकडावर बांधलं.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "झाड कसं आहे?"

"जगलंय. फूल यायला पुन्हा वर्षं जातील."

"मग मी येऊ का बघायला?"

त्याचा आवाज थकलेला होता, ते तिला कळलं. तरीही पोटातला राग हलला नाही, आणि तो हलला नाही याचं तिला वाईटही वाटलं नाही.

"नको," ती म्हणाली. "औषधं वेळेवर घे." आणि फोन ठेवून दिला.