साहेबाच्या वंशावळीतली न ओढलेली रेघ

गिरणीचा कागद जुन्नरच्या पेठेत आला आणि आमच्या गल्लीतल्या भिंती उघड्या पडल्या. तोवर त्या भिंती मी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. सकाळी ओला कागद भिंतीवर चिकटवायचा, उन्हात तो खडखडीत झाला की अलगद सोडवायचा आणि लगेच दुसरा लावायचा, हा आम्हा कागद्यांचा रोजचा उद्योग. मग एकेका घराचा लगद्याचा हौद कोरडा पडत गेला. शेजारचे चुलते मुंबईला गोदीत गेले, समोरच्यांनी वीटभट्टी धरली. भिंतींवरचा कागद गेला आणि मागं पोपडे दिसायला लागले.

अब्बांनी हौद सोडला नाही. पिंपळवंडीच्या, येडगावच्या शेतकऱ्यांकडून फाटकी गोणपाटं आणि तुटकी दावी आणायची, कुकडीत धुवायची, कुटायची, पुन्हा धुवायची. वर्षानुवर्षं थंड पाण्यात राहून त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली असत. अम्मा कागदाला गव्हाची खळ लावायची आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडानं तो घोटायची. घोटून घोटून तिचा उजवा खांदा कायमचा खाली उतरला. कागदाला गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी त्याच खळीत मीठ घालून आम्ही ती प्यायलो आहोत. हे मी लाजून सांगत नाही. जिनं कागद टिकतो तिनं आम्हीही टिकलो.

एका मास्तरांनी मला शिष्यवृत्तीला बसवलं म्हणून मी पुण्याच्या कॉलेजात गेलो. मशिदीमागच्या खोलीत राहिलो, प्लेगात दोनदा खोली सोडून माळावर झोपलो आणि बी. ए. झालो. आमच्या गल्लीत बी. ए. म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. निकालाच्या दिवशी शेजारची खाला अम्माला विचारायला आली.

"पोरगा हकीम झाला का गं?"

"न्हाई."

"मग वकील?"

"न्हाई."

"मग झाला तरी काय?"

आतून अब्बा ओरडले, "झाला न्हवं? बास!"

(घरात आमची बोली दखनी. पण सगळ्यांना कळावं म्हणून इथं मी ती बोलणी मराठीतच लिहितो.)

त्याच सुमाराला जुन्नरच्या शाळेत इंग्रजी शिकवायची जागा निघाली. मला तीच हवी होती, दुसरी कुठलीही नको होती. ज्या शाळेत मी दाराजवळ बसून शिकलो तिच्याच फळ्यासमोर मला उभं राहायचं होतं. आणि अब्बांच्या हातांना आता पाणी सोसत नव्हतं. शाळेच्या कमिटीवर एक इनामदार होते. मी त्यांच्या ओसरीपुढं जाऊन उभा राहिलो.

"घराणं कोणतं तुमचं?"

"कागदी."

"तो धंदा झाला. मी घराणं विचारतोय."

मी गप्प बसलो. सरकारी जागेला चांगल्या घराण्याचा उमेदवार घ्यावा, असा तेव्हाचा रिवाज होता. साहेबाची शिफारस असली तर मात्र सगळं माफ.

साहेब म्हणजे आमच्या तालुक्यांवर फिरणारा असिस्टंट कलेक्टर. तरुण, उन्हानं लाल झालेला आणि कमी बोलणारा. विलायतेत राणी जाऊन राजा आला त्या सुमाराची ही गोष्ट. साहेबाला आपल्या घराण्याची वंशावळ मोठ्या कागदावर लिहून घ्यायची होती. गिरणीचा कागद इकडच्या हवेत पिवळा पडतो, जुन्नरी कागद टिकतो, हे त्यानं जुन्या सनदा बघून हेरलं होतं. त्याच्या कचेरीतला मुख्य कारकून, शिरस्तेदार, आमच्या गल्लीत आला आणि अब्बांना म्हणाला, "म्हातारबा, चादरीएवढा कागद हवाय. सांधा दिसता कामा नये." मग माझ्याकडं वळला. "आणि काय हो बीएसाहेब, इंग्रजी अक्षर बरं आहे ना? मग लिहायलाही तुम्हीच चला. साहेबांची मर्जी बसली तर शाळेची शिफारस काही दूर नाही."

अब्बांनी कागद केला. अनेक ताव खळीनं जोडले आणि अम्मानं ते असे घोटले की सांध्यावरून बोट फिरवलं तरी लागू नये. तसा कागद मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. साहेबाचा तळ तेव्हा आंबेगावच्या बाजूला घोडनदीच्या काठी पडला होता. गुंडाळी खांद्यावर टाकून मी चालत तिथं गेलो.

साहेबानं मला टिपणं दिली आणि विलायतेतल्या उमरावांच्या वंशावळींचं एक जाडजूड छापील पुस्तक दिलं. ते पुस्तक वाचताना मला खरं तर मजा वाटली. कोण अर्ल, कोण बॅरन, कुणाची कुणाशी सोयरीक, कुणाच्या ढालीवर कोणतं जनावर. आमच्याकडं लग्न ठरवताना म्हाताऱ्या बसून जे बोलतात तेच, फक्त सोनेरी पुठ्ठ्यात बांधलेलं. साहेबाच्या घराण्याच्या ढालीवर मेंढा होता. शिरस्तेदारानं तो बघून हळूच विचारलं, "बोकड आहे का हो?"

"मेंढा आहे."

"मग ठीक. बोकड बरा दिसला नसता."

मी चार दिवस तंबूत पालथा पडून लिहीत होतो. आणि तिथंच माझ्या हातून ते घडलं. टिपणात प्रत्येक पिढीत एकाच मुलाच्या नावाला 'अर्ल' लावलेलं होतं, बाकीच्यांची नुसती नावं. मला वाटलं, साहेबानं घाईत गाळलं असेल. एका बापाचे पाच मुलगे, मग एकटाच अर्ल कसा? आमच्यात बाप गेला की सगळ्या भावांना सारखा वाटा आणि बहिणीला भावाच्या निम्मा. तेव्हा मी सगळ्या भावांच्या नावांपुढं 'अर्ल' लिहिलं. बहिणींनाही किताब दिला, फक्त त्यांची अक्षरं निम्म्या मापाची काढली. अगदी पट्टीनं मोजून. त्या न्यायानं खाली येता येता आमचा साहेबही अर्ल झाला.

कागद पुरा झाला तेव्हा योगायोगानं इनामदारही तळावर भेटीला आलेले. शिरस्तेदारानं त्यांना साहेबाच्या नावापुढचं 'अर्ल' दाखवून अर्थ सांगितला, तसे ते कागदाकडंच वाकून मुजरा करते झाले. साहेबानं तो मुजरा बघितला. मग गुडघ्यावर बसून स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही साहेब. बाप एक म्हटल्यावर वाटा सारखाच असणार."

तो मोठ्यानं हसला. मी त्याला हसताना तेव्हाच पाहिलं. इनामदार गेल्यावर त्यानं मला समजावलं. त्यांच्यात किताब, वाडा, जमीन, सगळं थोरल्याचं. दुसरा फौजेत जातो, तिसरा पाद्री होतो. "माझा आजा चौथा. चौथ्याच्या नातवाला काय राहिलं? हिंदुस्थान." हे म्हणताना मात्र तो हसला नाही.

मला त्याची कीव आली, हे लिहायला मी घाबरत नाही. आमच्याकडं फुटका हौद असला तरी चार भावांत वाटतात. खरं सांगायचं तर, त्या उमराव घराण्यापेक्षा आमची कागद्यांची रीत मला त्या दिवशी जास्त सभ्य वाटली.

घोटलेल्या कागदावरची शाई ओल्या फडक्यानं निघते. मी एकेक किताब पुसला, ती जागा दगडानं पुन्हा घोटली. आणि मग साहेबानं शेवटचं काम सांगितलं. कागदाच्या अगदी वर एक नाइट होता, विलायत जिंकणाऱ्या पहिल्या विल्यम राजाबरोबर समुद्र ओलांडून आलेला, घोड्यावरचा शूर माणूस. खालची सगळी फांदी एका लोकरीच्या व्यापाऱ्यापासून सुरू होत होती. त्यानं पैसा केला आणि त्याच्या नातवाला पहिला किताब मिळाला. मेंढा ढालीवर आला तो तिथूनच. नाइट आणि व्यापारी यांच्यामध्ये कागद कोरा होता.

"इथं रेघ ओढ," साहेब म्हणाला.

मी पुस्तक चाळलं, टिपणं चाळली. "साहेब, मधली नावं?"

"नावं नाहीत. रेघ ओढ."

"आधार कुठंच नाही. दोघांचं आडनाव एक आहे, एवढंच."

"ते मला माहीत आहे," साहेब म्हणाला आणि तंबूबाहेर गेला.

शिरस्तेदारानं मला झाडाखाली ओढलं. "अहो, वेड लागलंय का? विलायतेतला कोण कुठला घोडेस्वार, त्याचं तुम्हाला काय? एक रेघ ओढा आणि शिफारस घेऊन घरी जा. हवं तर तुमच्यासाठीही अशीच एक वंशावळ, शजरा, करवून देतो. कुणा सुभेदाराला नेऊन जोडतील. इनामदारही गप्प बसतील. कोण तपासायला जातंय?"

मी गुंडाळी उचलली. म्हणालो, उद्या आणून देतो. आणि जुन्नरला आलो.

घरी सांगितलं तर अम्मा भडकली. "रेघ केवढी?"

"वीतभर."

"वीतभर रेघेसाठी शाळा घालवतोस? ह्यांची बोटं बघ. मी लाख रेघा मारीन, दे इकडं तो बोरू!"

"अम्मा, लिहिणारा मी. रेघेला हात माझा लागणार."

"हात तुझा, आन् खांदा कुणाचा?"

अब्बा हौदाच्या काठावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यो लोकरवाला, त्याला ह्यो साहेब लाजतो व्हय?"

"लाजतो म्हणून तर वर घोडेस्वार हवाय."

"मग आमी कागदवाले. त्या साहेबाच्या रेघेवर शाळंत गेलास, तर उद्या कुणी पुसलं, बाप कोण, तवा तू बी रेघ ओढशील." आणि ते लगदा ढवळायला उठले. अम्मा त्यांच्याशीही दोन दिवस बोलली नाही.

मी कागद तसाच परत नेला. वर नाइट, खाली व्यापारी, मध्ये कोरी जागा. साहेबासमोर उलगडला आणि इंग्रजीत स्पष्ट म्हणालो, "जे मला माहीत नाही ते मी लिहीत नाही. ह्या लोकरीच्या व्यापाऱ्यानं तुमचं घराणं उभं केलं. मी तुमच्या जागी असतो तर त्याचंच नाव सगळ्यात वर लिहिलं असतं."

शिरस्तेदारानं डोळे मिटून घेतले. साहेबानं टाक घेतला आणि ती रेघ स्वतः ओढली. अशा घोटलेल्या कागदाची त्याला सवय नसावी, रेघ वाकडी गेली. अक्षर माझं आणि रेघ त्याची हे कुणालाही दिसलं असतं. मी सलाम केला आणि निघालो. शिफारस मागितली नाही, त्यानं दिली नाही.

कमिटीपुढं इनामदारांनी पुन्हा तोच प्रश्न टाकला. ह्या वेळी मी गप्प बसलो नाही. "माझे वडील कागदी. त्यांचे वडील कागदी. त्यांच्या आधीचं ठाऊक नाही, म्हणून सांगत नाही. आपल्या घरातल्या सनदा ज्या कागदावर आहेत तो आमचा असेल. एवढं घराणं पुरत असेल तर बघा."

पुरलं नाही. जागा पुण्याच्या एका उमेदवाराला गेली. "बीए, आता कागद कुटा!" असं पेठेत एकानं मला ऐकवलं. "कुटतोच आहे," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. सकाळी अब्बांबरोबर हौदात मी उतरायचो. दुपारनंतर त्याच अंगणात गल्लीतल्या पोरांना इंग्रजी शिकवायला लागलो. उघड्या पडलेल्या भिंतीला काजळी फासून मी फळा केला. आधी आमचीच पोरं होती, मग पेठेतली आली, मग खेड्यांतल्या शेतकऱ्यांची. पुढं पुढं इनामदारांचा धाकटा पुतण्या यायला लागला, तो मागच्या दारानं. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, "पुढच्या दारानं ये, नाहीतर येऊ नको." दुसऱ्या दिवशी तो पुढच्या दारानं आला. अम्मानं त्याला बसायला घोंगडी दिली आणि मला म्हणाली, "ह्याचं घराणं विचारलंस का रं?" तिच्या तोंडून मी त्या बाबतीत ऐकलेला हा एकच विनोद.

पुण्याचे मास्तर जुन्नरला रमले नाहीत. बदली मागून गेले. शाळेला इंग्रजीचा मास्तर हवा होता आणि अर्धी पोरं दुपारनंतर आमच्या अंगणातच असायची. कमिटीनं मला बोलावणं धाडलं. मी गेलो. इनामदार तिथं बसले होते. त्यांनी कधीपासून येता, एवढंच विचारलं.

पुढच्या सोमवारपासून मी जुन्नरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. अब्बा हौदातून बाहेर आले ते पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्या हाताखालून गल्लीतले आणखी तिघे गेले.