ह्यांना इचारा

त्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात चौघंच होतो. डॉक्टरीण बाई, माझी शेजारीण, तिचे मालक म्हंजे मास्तर, आन मी.

औशाला आमची भिंतीला भिंत हाय. कोणती भाजी घेतीस इचारलं तरी ती म्हणायची, "ह्यांना इचारा." तिनं तोंड उघडलं की मास्तर म्हणायचे, "गप, तुला काय कळतंय?" लग्न होऊन आल्यापास्नं हेच. मग म्हातारपणी ती इसरायला लागली. गल्लीत उभी राहून घर हुडकायची.

डॉक्टरीण बाईनं इचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

"ह्यांना इचारा."

"बघा, डोकंच न्हाई हिला," मास्तर बोलले.

बाईनं त्यांना भायेर बसवलं. शेजारीण दाराकडं बघत राहिली. मग हळूच मला म्हणली, "गेले का गं?" आन तिनं नाव सांगितलं. लग्नात मास्तरांनी ठिवलेलं न्हवं, माहेरचं. सांगून लेकरावानी हसली. इतकी वर्सं शेजारी ऱ्हाऊन ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

मास्तर आत आले, तसं हसू गेलं.

आता तेबी नाव तिला येत न्हाई. ताटापुढं बसवून भूक लागली का इचारलं, तरी मास्तरांच्या तोंडाकडं बघती.

तुमच्या घरात अशी म्हातारी असंल, तर तिलाच इचारा. आन ती बोलंस्तोवर थांबा.