भिंगरी पहाऱ्यावर

कपडे शिवायच्या कारखान्यामागे पाळणाघर होतं आणि तिथे मावशीचाच शब्द चाले, कारण तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. आधी ती स्वतः मशीनवर बसायची. सुई आरपार जाऊन बोट वाकडं झालं, तेव्हा साहेबांनी तिला पोरं सांभाळायला धाडलं. हे काम तिला असं मानवलं की संध्याकाळी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याकडे परतायचं तिच्या जिवावर येई.

पोरं खेळतात म्हणजे नुसता वेळ घालवतात, असं कुणी म्हटलं की ती त्याला फाडून खाई. खऱ्या जेवणाला दम न धरणारी पोर खोट्या चुलीवरचं खोटं दूध उतू जाऊ नये म्हणून किती वेळ राखत बसते, हे तिने रोज पाहिलं होतं.

भिंगरी आली तेव्हा चार वर्षांची होती. एका जागी ठरेल तर शपथ. दुसऱ्याच्या हातातलं ओढायचं, नाही मिळालं तर चावायचं आणि दार उघडं दिसलं की इस्त्रीच्या खोलीकडे धूम ठोकायची. रागावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या आईमागे मुकादमाने दुसऱ्या शिफ्टचं टुमणं लावलं होतं. पण संध्याकाळी पाळणाघर बंद, आणि असल्या पोरीला घरी एकटं कोण ठेवणार? बिचारी नाही-नाही म्हणत दिवस ढकलत होती.

एकदा पोरांनी रिकाम्या खोक्यांचं गोदाम मांडलं. मावशीने हळूच सुचवलं, भिंगरीला वॉचमन करा. पहिल्या दिवशी ती चोरामागे धावली आणि मागच्या मागे गोदाम लुटलं गेलं. पोरांनी तिला अशी झापली की मावशीलाही तसं जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी भिंगरी पाय रोवून उभी. चोर वेडावत होते, आणि ही ओठ चावत स्वतःशीच पुटपुटत होती, ‘हलायचं नाही, हलायचं नाही.’ पुढे पुढे पुटपुटणंही थांबलं. मग पाण्याच्या रांगेत ती थांबू लागली, ओढायच्या आधी मागू लागली. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. जेवणाच्या सुट्टीत तिने भिंगरीच्या आईला ओढत दाराशी आणलं आणि म्हणाली, “बघ तुझी पोर. उभी केली तिथून हलत नाही.” आई बराच वेळ बघत राहिली.

पुढच्या सोमवारी भिंगरी आलीच नाही. आईने दुसरी शिफ्ट घेतली होती.

काम सुटल्यावर मावशी तडक त्यांच्या खोलीवर गेली. दाराला बाहेरून कुलूप. खिडकीतून पाहिलं तर भिंगरी गॅसच्या शेगडीशेजारी भिंतीला पाठ लावून उभी. आईने सांगितलं होतं, तू वॉचमन, शेगडीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. मावशीने हाक मारली. पोर हलली नाही.

“चोर कोण आहे गं?” मावशीने विचारलं.

“कुणी येतच नाही,” भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना फाटकाशी तिने भिंगरीच्या आईला गाठलं आणि चारचौघींत नाही नाही ते सुनावलं. ती बाई एवढंच म्हणाली, “मावशी, मग संध्याकाळी तुम्ही ठेवता का तिला?”

घरी नवरा होता, त्याचं सगळं अंथरुणातच करावं लागे. सगळ्यांची तोंडं बंद करणारी मावशी बाजूला झाली आणि तिला कामावर जाऊ दिलं. आपल्या फुशारकीनेच पोरीला कुलपात घातलं, हे तिला तिथे लख्ख कळलं.

भिंगरीचा धाकटा भाऊ तोवर आजीकडे असायचा. आजी थकली, तेव्हा त्याला काखेत घेऊन आई पाळणाघराच्या दाराशी आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट आभारच होते. “मावशी, सध्या संध्याकाळी शेजारीण येऊन नेईल याला. पण यालाही तेवढं एका जागी उभं राहायला शिकवा. म्हणजे दोघं घरी एकमेकांना सोबत होतील.”

मावशीने पोराला घेऊन खाली सोडलं. आत खोक्यांचं गोदाम मांडून झालं होतं, आणि आपल्याला वॉचमन करा म्हणून दोन पोरं भांडत होती. तिने एकेक खोकं उचलून माळ्यावर टाकलं. पोरं बघतच राहिली. मग ती करड्या आवाजात म्हणाली, “हाताची घडी, तोंडावर बोट.”

सगळी बसली. धाकटा तेवढा बसला नाही, आणि मावशीने त्याला बसवलंही नाही.