तंबूची चेन

आमच्या गावात घरांना चौकटी असतात, दारं नसतात. शनिशिंगणापूर म्हटलं की लोक हेच विचारतात, आणि माझं दुकान देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घराच्याच पुढच्या बाजूला असल्यामुळे दिवसातून वीसदा मलाच विचारतात. देवाला वाहायचं तेल आणि रुईच्या पानांचे हार विकता विकता मी सगळ्यांना सांगतो. पडदा असतो, कुत्रं आत येऊ नये म्हणून कुणी एखादी फळी आडवी लावतं, बास. कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप तर नाहीच. हे सांगताना माझी छाती जरा पुढे येते हे मला माहीत आहे. पोटही येतं, पण त्याचा विषय वेगळा.

माझी बायको पारनेरकडची. तिकडे घरांना दारं असतात. सव्वीस वर्षं ती आमच्या बिनदाराच्या घरात काही न बोलता नांदली. गेल्या वर्षी मी मागच्या बाजूला एक खोली वाढवायला काढली, तेव्हा ती म्हणाली, या खोलीला कवाड करा. रस्त्यावरच्या चौकटीला नको, फक्त या आतल्या एका खोलीला. मी आधी हसलो. ती हसत नाही म्हटल्यावर मी तिला गावाची परंपरा समजावून सांगितली. गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत सांगतो ते तिला तासभर सांगितलं. आपल्याकडे चोर येतोच कशाला, असंही विचारलं. तिने चोराचं नावच काढलं नव्हतं, पण ते माझ्या ध्यानात यायला सहा दिवस आणि निम्मा सह्याद्री लागला.

डोंगरात जायची बुद्धी मला शुगरमुळे झाली. डॉक्टर म्हणाले चाला. मी दुकानापासून देवळापर्यंत चालून पाहिलं, तर वाटेत चार ठिकाणी चहा झाला. पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी सुट्टीच्या दिवशी डोंगर चढते. दिवाळीला आली तेव्हा तिने तिचा जुना तंबू, दोन पाठपिशव्या आणि एवढासा गॅसचा स्टोव्ह माझ्यापुढे ठेवला. कळसूबाई ते हरिश्चंद्रगड, सहा दिवस, सगळी वाट कागदावर लिहून दिली. आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणाली. जिल्हा आपलाच, पण आमच्यासारख्या उसाच्या सपाट मुलखातल्या माणसाला अकोल्याचे डोंगर म्हणजे परदेशच. तरी मी सगळ्या आळीला सांगून टाकलं की मी चाललो.

बायको म्हणाली, मीपण येते. मी म्हटलं, तुला झेपायचं नाही. ती रोज शेतात जाते आणि डोक्यावर घासाचा भारा घेऊन येते. मी रोज स्टुलावर बसतो. तरीही झेपायचं नाही असं मीच म्हणालो.

"माझी पिशवी माझ्या पाठीवर घिऊन गडावर पोचले, तर आतल्या खोलीला कवाड करायचं," ती म्हणाली. "बोला."

मी लगेच बरं म्हणालो. पहिल्याच चढाला ती खाली बसणार याची मला खात्री होती.

कळसूबाईच्या पायथ्याला बारी गावात आम्ही पहाटे उतरलो. हवेत चांगलाच गारवा होता. शिखर चढताना ती लोखंडी शिड्यांवरून जिना चढावा तशी सरासर गेली. मी प्रत्येक शिडीपाशी देखावा बघत उभा राहिलो. देखावा चांगला होता हे खरं, पण मला तो फार वेळ बघावा लागला. वर तिने देवीला हळदकुंकू वाहिलं, माझी वाट बघितली आणि भाकरी सोडली. खाली बसली ती तेवढीच.

उतरून पायथ्याशी तंबू लावला. तंबूच्या दाराला चेन असते, ही गोष्ट मुलीने घरी दाखवली होती. पण चेन ओढून आपण आपल्याला कोंडून घ्यायचं ही कल्पनाच मला सहन होईना. जन्मात कधी दार लावलेलं नाही. मी चेन उघडी ठेवली आणि तिथे माझा टॉवेल पडद्यासारखा अडकवला. बायकोने टॉवेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही चादरी स्वतःकडे ओढून घेतल्या. सकाळी उठलो तर माझ्या पायांत एक गावठी कुत्रं वेटोळं करून झोपलेलं. मी म्हटलं, बघ, बिचाऱ्याला ऊब मिळाली. ती म्हणाली, तुमाला मिळाली का?

पुढचे दोन दिवस धरणाच्या काठाकाठाने रतनवाडीपर्यंत गेले. भाताची कापणी उरकत आली होती, खळ्यांवर झोडणी चालली होती. चौथ्या दिवशी कात्राबाईची खिंड होती. गवत पिवळं पडलेलं, वाट घसरडी, आणि माझ्या उजव्या टाचेला केवढा तरी फोड. खिंडीच्या अलीकडे मी पिशवी टेकली आणि म्हणालो, जरा बसू. स्वतःची पिशवी पाठीवर होतीच, माझी तिने पोटावर अडकवली आणि चालू लागली. तेव्हा मला विरोध करता आला असता. मी आजूबाजूला बघितलं, ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून नाही केला. कवाड मात्र करावंच लागणार होतं, कारण ही बाई आता गडावर पोचणार हे स्पष्ट दिसत होतं.

खिंड उतरून कुमशेतला आलो. खळ्यावर एक म्हातारी भात पाखडत होती. आम्हाला बघून तिने विचारलं, ही वझी कुठं इकायला न्हेता? मी म्हटलं, विकायची नाहीत, आम्ही असेच चाललोय. तिने सूप खाली ठेवलं आणि बायकोला जवळ बोलावून हळूच विचारलं की घरात काही भांडण वगैरे झालंय का. बायको म्हणाली, व्हय, कवाडावरून. म्हातारीला ते पटलं. तिने आम्हाला नागलीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा दिला.

त्या संध्याकाळी गावाबाहेर तंबू लावला आणि मी टॉवेल अडकवून पाणी आणायला गेलो. परत आलो तर तंबूतून एक वानर बाहेर येत होतं. त्याच्या हातात माझी प्लास्टिकची पिशवी होती. त्यात दिवाळीचे शंकरपाळे होते. ते मी सदऱ्यांच्या घडीत लपवून आणले होते आणि रोज बायको पुढे गेली की दोन-दोन खात होतो. वानराने ती पिशवी बायकोच्या समोरच्या दगडावर बसून शांतपणे उघडली.

"तरीच गोळ्या लागू पडंनात," बायको म्हणाली.

मी मुद्दा बदलायचा प्रयत्न केला. म्हटलं, ही काही चोरी नव्हे, चोरी माणूस करतो. शिवाय इथे आपल्या देवाची हद्द नाही. ती म्हणाली, मग टॉवेल तरी कशाला लावला? वानराने शेवटचा शंकरपाळा संपवला आणि रिकामी पिशवी माझ्या पायाशी टाकली.

पाचनईवरून सहाव्या दिवशी दुपारी गडावर पोचलो. ती पुढे, मी मागे. देवळापाशी तिने पिशवी पाठीवरून उतरवली, माझ्यापुढे ठेवली आणि फक्त माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरं. मनात मात्र आळीतले लोक येत होते. उद्या दुकानात कुणी विचारलं, खरंच का हो इथे दारं नाहीत, तर काय सांगू, एवढाच मला घोर होता.

त्या रात्री वारा असा सुटला की टॉवेल कोकणात गेला. चेन लावावीच लागली. मी ती स्वतःच्या हाताने ओढली आणि बराच वेळ उताणा पडून राहिलो. ऊब मात्र लागली, हे मी तिला सांगितलं नाही.

सकाळी उन्हं यायच्या आधी ती म्हणाली, तुमी जरा भायेर थांबा. कपडे बदलायचे असतील म्हणून मी कानटोपी घालून बाहेर आलो. आतून चेन लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाय गारठले म्हणून मी तंबूभोवती फेऱ्या मारू लागलो. दुसऱ्या फेरीला आतून आवाज ऐकू आला. ती रडत होती. मुसमुसून नाही, मोकळ्या गळ्याने, मध्येमध्ये 'आई' म्हणत.

माझी सासू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दहावा उरकून बायको घरी आली त्या दिवसापासून आमच्या बिनदाराच्या घरात माणसांची रीघ लागली होती. शेजारणी येत, पाहुणे येत, पाणी मागायला दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा सरळ आत येत. ती प्रत्येकाला चहा देत होती. डोळ्यांना पदर लावला की कुणीतरी आत यायचं आणि ती उठून भांडं चुलीवर ठेवायची. मी त्या दिवसांत लोकांना कौतुकाने सांगायचो, आमची फार घट्ट मनाची आहे. हे आठवलं आणि मला माझी इतकी लाज वाटली की थंडी वाजायची थांबली. कवाड चोरासाठी नव्हतंच. तिला दोन वर्षं रडायला जागा हवी होती आणि मी तिला परंपरा सांगत होतो.

तेवढ्यात देवळाकडून पाच-सहा पोरं आली. पुण्या-मुंबईची असावीत. तंबू बघून त्यांना वाटलं, इथे चहा मिळतो. एकाने सरळ चेनला हात घातला. मी त्याचं मनगट धरलं.

"आत मानूस हाय," मी म्हणालो. "दार लावल्यालं हाय. आवाज दिल्याबिगर आत जायचं नसतं, एवढं कळत न्हाई?"

पोरं ओशाळून निघून गेली. मी तंबूसमोर मांडी घालून बसलो. ऊन अंगावर आलं, आतला आवाज हळूहळू बसला, मग नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग चेन उघडली. तिचे डोळे सुजले होते आणि चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. तिने पोरं गेली त्या दिशेला बघितलं. मी काय बोललो ते तिने ऐकलं होतं.

"च्या ठेवा आता," ती म्हणाली. आमच्या संसारातला मी केलेला तो पहिला चहा. साखर विसरलो होतो, आणि मुद्दाम विसरलो असं तिला सांगितलं.

घरी आल्यावर आठवड्यात सोनईहून सुतार बोलावला. त्याने कवाड बसवलं, आतून कडी लावली आणि विचारलं, बाहेरून कोयंडा कुठं मारू? मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, भायेरून कायबी नको. सुतार माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, ती म्हणते तसं कर.

आळीत चर्चा झाली, चार दिवसांनी संपली. ती रोज काही कडी लावत नाही. लावते तेव्हा मी दुकानातलं स्टूल उचलून आतल्या चौकटीपाशी आणतो, आणि कुणी विचारलं तर ती कामात आहे म्हणून सांगतो. गिऱ्हाइकं अजूनही रोज विचारतात, काका, इथल्या घरांना खरंच दारं नसतात का? मी हार बांधता बांधता सगळं पहिल्यासारखंच सांगतो. कुणी खोदून विचारलंच, की तुमच्या घरालाही नाही का, तर म्हणतो, एक हाय, पण ते माझं न्हाई, तिचं हाय.