पांढरं पीस उपटलेली कोंबडी

माझ्याकडे माणसं यायची ती काळ्या कोंबडीसाठी. एरवी मुळशीतल्या त्या आमच्या वाडीत माझ्या दाराकडे वाट वाकडी करायचं कुणाला कारण नव्हतं. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला, मूल नव्हतं, आणि दिरांनी भातखाचराच्या वरच्या अंगाला मला एक खोली बांधून दिली. त्यांचं घर हाकेच्या अंतरावर होतं. हाक मात्र कुणी मारत नसे.

घरात कुणी आजारी पडलं की काळी कोंबडी आजाऱ्यावरून ओवाळून शिवेवर सोडत. हा उतारा. तिच्या अंगावर एकही पांढरं पीस चालत नसे. नेणारा माणूस उंबऱ्यावर शेरभर तांदूळ ठेवी, कोंबडी काखेत मारी आणि न बोलता जाई. बोललं तर उतारा लागत नाही म्हणत.

मला स्वतःला नाद होता अंड्यांचा. साठ सालाच्या आगेमागे तालुक्याच्या ब्लॉक कचेरीतून गावठी कोंबड्याच्या बदल्यात तांबडा विलायती कोंबडा मिळाला. त्याच्या एका काळ्या लेकीनं चिंचोक्याच्या रंगाचं अंडं दिलं. तेव्हापासून मी गडद अंडी तेवढीच उबवायला ठेवू लागले. कोंबडा अंडं घालत नाही, पण तो कसल्या अंड्यातून निघाला ते त्याच्या लेकींत उतरतं, हे कळायला मला चार वर्षं लागली. तोवर बाहेरून आणलेले, फिक्या अंड्यांतले कोंबडे मी वाढवत बसले होते. पौडच्या बाजारात एक व्यापारी म्हणाला, "मावशी, चहात बुचकळून आणली काय?"

"व्हय. साखर घालायची राहिली," मी म्हटलं.

शेवटी एक तलंग, म्हणजे नुकती अंडी घालू लागलेली तरणी कोंबडी, मनासारखी निघाली. अंगानं कोळशासारखी काळी, अंडं सगळ्यांत गडद. तिची पाच अंडी जमली होती. आणखी चार झाली की खुडूक कोंबडीखाली बसवणार होते. तेवढ्यात थोरली जाऊ दारात आली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"पोराला चार दिस ताप हाय. काळी दे."

"दवाखान्यात नेलं का?"

"नेलं. सुई टोचली. पर उताराबी कराया हवा. दे बिगीनं."

त्या दिवशी माझ्याकडे काळ्या दोनच होत्या. एक ती तलंग. दुसरीच्या डाव्या पंखात एकच पांढरं पीस होतं. "थांबा, धरून आणते," म्हणून मी खुराड्याशी गेले, ते पीस उपटलं आणि दुसरी तिच्या हातात दिली. जाऊनं पंख उलटेपालटे करून पाहिले आणि गेली. मला काही वाटलं नाही. माझा भरवसा सुईवर होता.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना कोंबडी परत आली. आजवर शिवेवर सोडलेल्या साऱ्या कोल्ह्यांच्या तोंडी गेल्या असणार. ही वाचली आणि खुराड्याकडे वळली. डोक्यावर उताऱ्याचा, तेलात कालवलेला शेंदूर. मी चिंधीनं पुसला तर तो आणखीच पसरला. उताऱ्याची कोंबडी माघारी येणं म्हणजे दुखणं माघारी येणं, असं लोक मानत. कापली असती तर विषय संपला असता. पण ती अंडी घालत होती, आणि अंड्यावरची कोंबडी मी कधी कापलेली नाही. मागच्या अंगाला डालग्याखाली कोंडून ठेवली.

चौथ्या दिवशी जाऊ ताटलीत शिरा घेऊन आली. पोराचा ताप उतरला होता. ती चक्क ओट्यावर बसली.

"एकटीला येवढं पातेलं कशाला लागतंय गं? वऱ्हाड जेवतंय का हितं?"

मी हसले. चहा टाकला. दुसरा कप फळीवरून काढला तर त्यात कोळ्यानं जाळं केलेलं, धुवून घेतला.

"सांजच्याला ये की घरी," ती म्हणाली. "पोरगं काकीला बघायचं म्हनतंय."

तेवढ्यात मागे कोंबडी अंडं घालून ओरडायला लागली.

"कुटली गं ही? कोंडलीस कशापाई?" म्हणत जाऊ उठली. मी आडवी जायच्या आत तिनं डालगं उचललं. शेंदूर पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. "माघारी आली! माझ्या पोरावर आली ही!"

ती पदर तोंडाशी धरून मागं सरली. मला ते बघवेना, म्हणून खरं सांगितलं. "भिऊ नका, जाऊबाई. त्यो उताराच न्हवता. हिच्यात एक पांढरं पीस हुतं, मी उपटलं. दुसरी मला अंड्यांसाठी ठेवायची हुती."

तिची भीती गेली, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती म्हणाली, "मंजी माझं पोर तापानं फनफनतंय, आन तू अंडी राखत हुतीस."

"पोर सुईनं बरं झालं."

"ते मलाबी कळतंय. ताटली दे माझी."

मी शिरा काढून घेतला, ताटली धुतली. शेजारणीची ताटली रिकामी परत करत नाहीत, म्हणून त्यात दोन गडद अंडी ठेवली. तिनं ती उचलून ओट्यावर ठेवली, घरंगळू नयेत म्हणून चिंधीचा टेकू दिला, आणि गेली. चहा तसाच राहिला.

बातमी वाडीत पसरली. काळ्या कोंबडीसाठीही मग कुणी आलं नाही.

त्या तलंगेच्या नऊ अंड्यांतून सात पिलं निघाली. त्यातल्या चार तलंगा पुढच्या वर्षी अंड्यावर आल्या. रंग हवा तसा, चौघींचाही एकसारखा. मी ती अंडी खिडकीत ओळीनं मांडून पाहिली आणि टोपलीत भुशात भरून बाजाराला नेली.