बाची मान

धाड गावात आमच्या दारापुढे त्या दिवशी मांडव होता, पण लग्नाचा नव्हे. माझा धाकटा भाऊ देवीदास श्रामणेर होणार होता... म्हणजे डोकं मुंडून, भिक्खूंचं वस्त्र, चीवर, घालून, गावोगाव धम्म सांगायला जाणार होता.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक झालेली, बीबी गावी दिलेली, कडेवर वर्षाची मुलगी. आता नातीने मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकवलंय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

भंतेजींचं, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या भिक्खूंचं, पत्र आलं तेव्हा मी माहेरीच होते. प्रचाराला शिकलेली मुलं हवीत, देवीदासला द्या, पण आईवडिलांची राजीखुशी हवी, असं लिहिलं होतं. बाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि लगेच होकार लिहायला लावला. मायने गल्लीत गूळ वाटला. ज्यांची सावली देवळाच्या पायरीला चालत नव्हती, त्यांच्या घरचा मुलगा लोकांना धम्म शिकवायला निघाला होता...

माशी शिंकली ती शेजारच्या किसनकाकांच्या थट्टेने. त्यांनी असा विधी दुसऱ्या गावी पाहिला होता. बाला म्हणाले, "चीवर घातलं का तो तुहा पोरगा राहत नाही बे. मायबापालेच त्याच्या पाया पडा लागते. पाह्य बापा, वाकते का तुही मान."

सगळे हसले. बा ताटावरून उठला.

बाची मान म्हणजे आमच्या घरात वेगळीच गोष्ट होती. तरुणपणी गावकीच्या कामात तो पाटलाच्या वाड्यापुढे कमरेत वाकून जोहार करायचा. दीक्षा घेतली त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, ही मान आता बुद्धाच्या मूर्तीपुढे वाकेल, जित्या माणसापुढे नाही. आणि ते त्याने पाळलं. भंतेजी आले तरी उभ्यानेच हात जोडायचा. माझ्या लग्नात व्याह्यांपुढेही वाकला नाही... त्याचे टोमणे मी सासरी रोज ऐकत होते. "ताठ मानेच्या बापाची लेक," असं सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायच्या.

पुढचे पंधरा दिवस घरात कोणी मोकळं बोललं नाही. मायने एकदा हळूच सुचवलं, वंदनाच्या वेळेपुरतं बाजारात जाऊन या. बा म्हणाला, "माहा पोरगा चालला, अन् मी भाजीपाला आनाले जाऊ?" विषय संपला.

देवीदासला हे सगळं दिसत होतं. विधीच्या सकाळी मी मांडवाला जुनी लुगडी बांधत होते. (नवं कापड आणायचं काही कारणच नव्हतं, धुतलेलं स्वच्छ होतं.) तो जवळ आला आणि म्हणाला, "ताई, बाले कोनी जबरदस्ती केली तं मी तिथूनच उठतो. मले नाही जायचं मंग."

माझ्या हातातली सुतळी तशीच राहिली. एकीकडे भावाचं आयुष्य, दुसरीकडे बाची शपथ... आणि भंतेजींची एसटी तर आलीही होती.

देवीदासचं डोकं मुंडलं. मायने केस पांढऱ्या फडक्यात झेलले. तो आत गेला आणि चीवर घालून बाहेर आला, तेव्हा माझी मुलगीसुद्धा त्याच्याकडे जाईना, इतका तो वेगळा दिसत होता. भंतेजींनी त्रिशरण आणि शीलं दिली, नवं नाव दिलं आणि म्हणाले, आता घरच्यांनी वंदन करावं. ज्यांची इच्छा असेल त्यांनी.

माय वाकली, ती रडतच उठली. मी वाकले. मग सगळा मांडव बाच्याकडे बघायला लागला.

बा मांडवाच्या मेढीला टेकून उभा होता. किसनकाका खाकरले. आणि देवीदास आसनावरून उठला... निघाला हा, असंच वाटलं.

पण तो सरळ बासमोर गेला आणि बाच्या पायाकडे वाकायला लागला. वीस वर्षांची सवय म्हणून, की बाची सुटका करायला, ते मला आजही सांगता येणार नाही. भंतेजी अर्धवट उठले. चीवर घातलेल्याने गृहस्थापुढे वाकायचं नसतं.

बाने त्याचे दोन्ही खांदे मधेच धरले. "नाही," तो म्हणाला. "ह्या कपड्यात कोनापुढं वाकाचं नाही. बापापुढंबी नाही."

त्याला सरळ उभं केलं. चीवराची घडी खांद्यावरून घसरली होती, ती नीट केली. मग स्वतःचा रुमाल डोक्यावरून काढून खाली ठेवला आणि किसनकाकांकडे वळला.

"किसना, नीट पाह्य. मले कोनी वाकवलं नाही."

आणि बाने जमिनीला कपाळ टेकवलं. तीनदा. किसनकाकांनी डोळे पुसले ते मी पाहिलं, पण कोणाला सांगितलं नाही.

देवीदास पुढे कितीतरी वर्षं गावोगाव फिरला. सुलतानपूरकडे जाता-येता घरी थांबायचा, तेव्हा बा आधी वंदन करायचा आणि मग बापासारखा रागवायचा, किती वाळला म्हणून.

मी बीबीला परतले, तर बातमी माझ्याआधी पोचली होती. सासूबाई म्हणाल्या, शेवटी वाकलाच ना तुझा बाप. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट उत्तर दिलं... "वाकला ना. पण त्याला वाकावंसं वाटलं तेव्हा."

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून जवळ बसवलं आणि म्हणाल्या, काय काय झालं ते पहिल्यापासून सांग.